माझी ४८ मिनिटं कोणाची?



मागच्या महिन्यात नागपूरला इतवारीत महिलांच्या एका कार्यक्रमाला गेले होते. विषय होता ‘गृहिणी आणि धर्मसाधना’. बोलणाऱ्या ताई अभ्यासू होत्या, वाणीही गोड. शेवटी त्या म्हणाल्या, “दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात. सामायिकाला वेळ मिळत नाही असं जी म्हणते, तिच्याकडे वेळ कमी नसतो, भाव कमी असतो.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मात्र माना खाली घातल्या, ते मी पाहिलं.

कोराडीला परत येताना बसमध्ये खिडकीशी बसले आणि तेव्हा कुठे राग आला. माझं हे नेहमीचंच, राग उशिरा येतो. उत्तर तिथेच उठून द्यायला हवं होतं. दिलं नाही, म्हणून आज इथे लिहिते.

ताई, चोवीस तास सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ सारखं असतं, एवढंच. एकाचा तास त्याचा स्वतःचा असतो. दुसरीचा तास म्हणजे घरातला सामाईक माठ, ज्याला तहान लागेल त्याने यावं आणि ओगराळं बुडवावं. माठ रिकामा झाला की मग तिला विचारायचं, तुझ्या वाटचं पाणी गेलं कुठे?

या पानावर आपल्या जैनेतर मैत्रिणीही येतात, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सामायिक म्हणजे ठरावीक वेळ सगळी सावद्य कामं, म्हणजे ज्यांत जीवांची हिंसा होते अशी कामं, बाजूला ठेवून समभावात बसणं. कमीत कमी वेळ दोन घडी. एक घडी २४ मिनिटांची, म्हणजे दोन घडी ४८ मिनिटं. यालाच एक मुहूर्त म्हणतात. दिवसरात्र मिळून असे ३० मुहूर्त होतात. त्यातला एक आपला. श्रावकाच्या बारा व्रतांत चार शिक्षाव्रतं आहेत आणि सामायिक त्यांतलं एक. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सामायिकात बसलेल्या गृहस्थाला अंगावर वस्त्र पडलेल्या मुनीची उपमा दिली आहे. मला याचा अर्थ असा कळतो, की तेवढा वेळ तो कोणाचा नवरा नाही, बाप नाही, मालक नाही, नोकर नाही.

आता हेच वाक्य बाईसाठी म्हणून बघा. तेवढा वेळ ती कोणाची आई नाही, कोणाची सून नाही, कोणाची बायको नाही. घशात अडकतं ना? माझ्याही अडकलं. आपल्या चतुर्विध संघात मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका असे चार आहेत. श्राविका ही श्रावकाची शेपटी म्हणून त्यात नाही, तिची व्रतं तिच्या स्वतःच्या नावावर आहेत. धर्माने दिलेला हा मुहूर्त मग घरात आल्यावर हरवतो कुठे?

हे शोधायला मी एक वही केली. ही युक्ती माझी नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोक आपला वेळ कसा वापरतात याचं सर्वेक्षण केलं, आणि तसंच पुन्हा २०२४ साली. माझ्या मुलीच्या अर्थशास्त्राच्या शिकवणीत तो विषय निघाला होता, तिनेच मला सांगितलं. त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस धरतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत कोणी काय केलं ते नोंदवतात. मी तशीच वही आखली. फक्त एक रकाना जास्तीचा काढला, ‘कोणी हाक मारली?’

सात दिवस प्रामाणिकपणे लिहिलं. सात दिवसांत सात वेळा सामायिकाला बसले. एकदाही ४८ मिनिटं पुरी झाली नाहीत. सगळ्यात लांब बसणं १९ मिनिटांचं, गुरुवारी दुपारी, तेही सासूबाईंचा डोळा लागला होता म्हणून. बाकीच्या दिवशी कोण आलं? कुरिअरवाला आला. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. कूलरमधलं पाणी संपलं. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, “आई, चार्जर कुठाय?” चार्जर त्याच्याच टेबलावर होता.

आणि आमच्या ह्यांचा प्रश्न तर मी वहीत जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. “अगं, चहा तू करतेस की मी करू?” हा प्रश्न विचारणारा माणूस चांगला आहे, मला त्यांची तक्रार करायची नाही. करतात बिचारे चहा. पण मी करू का हे विचारायलासुद्धा त्यांना मलाच उठवावं लागलं. चहा त्यांनी केला आणि सामायिक माझं मोडलं.

तुम्ही म्हणाल, फोनवर किती वेळ जातो तेही सांगा की. सांगते, वहीत तेही आहे. दिवसाला सरासरी दीड तास. मलाच लाज वाटली. पण तो दीड तास कसा होता ते बघा. दुधाचा गंज गॅसवर असताना चार मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहा मिनिटं. शिकवणीच्या बाहेर मुलीची वाट बघताना आठ मिनिटं. सासूबाईंचा ओटीपोटाला शेक संपेपर्यंत पाच मिनिटं. तुकड्या-तुकड्यांच्या वेळेत फोनच बसतो. समयसार बसत नाही. ‘बायकांना फोनचं व्यसन लागलं’ असं म्हणणाऱ्यांनी आधी बायकांना एक सलग तास देऊन बघावा, मग बोलावं.

आता माझी वही सोडा, ती एका घराची. देशाची वही काय सांगते? २०१९ च्या सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ साली बायकांचा २८९ वर आला आणि पुरुषांचा ८८ वर. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद करायला हरकत नाही. पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. म्हणजे २०१९ साली दोघांत फरक होता २०२ मिनिटांचा, पाच वर्षांनी तो झाला २०१ मिनिटांचा. पाच वर्षांत एक मिनिट! आणि ही सरासरी फक्त त्यांचीच, जे त्या दिवशी घरकामाला हात लावतात. २०१९ साली असे पुरुष चारांत जेमतेम एक होते. ज्यांनी हातच लावला नाही, ते या हिशेबात आलेच नाहीत.

हेच आपल्या भाषेत मांडते. २८९ मिनिटं म्हणजे सहा मुहूर्त. पुरुषांचे ८८ म्हणजे दोन मुहूर्तही पुरे नाहीत. चार मुहूर्तांचं अंतर आहे आणि त्यातला एकच आपण मागतो आहोत. तोही झोपायला नाही, साड्या बघायला नाही, आत्म्याकडे बघायला.

जैन घरात तर या मिनिटांना आणखी एक गाठ असते. आपल्याकडे रात्रिभोजन नाही. डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक चारलाच उरकायला हवा. ह्यांची वीज केंद्रात पाळी असते. दुसरी पाळी असली की सूर्यास्ताआधी तिथेच जेवता यावं म्हणून डबा दुपारी तयार लागतो. पहिली पाळी असली की सगळी घडीच वेगळी. पाणी गाळायचं, जिवाणी नीट परत सोडायची, चातुर्मासात धान्य रोज नव्याने निवडायचं, चौदसला कोणाचा उपवास, कोणाचं एकासन, कोणाला एकच धान्य. हे सगळं मला मान्य आहे, माझी त्यावर श्रद्धा आहे. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही ती मी बोलते. घरातल्या प्रत्येकाचा संयम माझ्या ओट्यावरून जातो. दशलक्षण पर्वात ज्याने उपवास केला त्याचा मंदिरात सत्कार झाला, हे योग्यच. पारण्याला मूग कोणी भिजवले, हे कोणी विचारलं? ज्या श्राविकेमुळे घरातल्या चौघांचा धर्म सांभाळला जातो, तिच्याच धर्माला घरात ४८ मिनिटं नाहीत, आणि वर तिलाच ऐकवायचं की तुझा भाव कमी आहे. याला मी अन्याय म्हणते.

नुसता अन्यायही नाही. आपल्याच अणुव्रतांच्या हिशेबाने बघा. अचौर्य म्हणजे काय? दिलं नसताना घेणं म्हणजे चोरी. माझ्या पर्समधून मुलाने न विचारता पन्नास रुपये घेतले तर आपण त्याला समोर बसवून समजावतो. माझ्या सामायिकातली पन्नास मिनिटं त्याने न विचारता घेतली तर आपण मला समजावतो, “लेकरू आहे, तूच का नाही उठत?” रुपये परत येतात. मिनिट येत नाही. मग मोठी चोरी कोणती?

आपल्या शास्त्रात काळाच्या सगळ्यात सूक्ष्म अंशाला ‘समय’ म्हणतात. कुंदकुंदाचार्यांच्या समयसारात ‘समय’ म्हणजे आत्मा. एकच शब्द दोन्हीकडे आहे. मी काही पंडिता नाही, पण घरात राबणाऱ्या बाईला यातून जे कळतं ते मला कळलं आहे. माझा वेळ घेणारा माझं काही किरकोळ घेत नसतो.

इथे काही जणी म्हणतील, “पण सेवा? घरच्यांसाठी झिजणं हीच बाईची साधना.” हे मी चाळीस वर्षं ऐकलं आणि वीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं. आता मला त्यात खोट दिसते. सेवा हे दान आहे, आणि दान द्यायला वस्तू आधी आपली असावी लागते. शेजारच्याच्या शेतातलं धान्य उचलून मंदिरात दिलं तर ते दान होत नाही. माझा वेळ माझा नसेलच, तो मुळात सगळ्यांचा धरलेला असेल, तर मी कितीही झिजले तरी मी काही दिलं असं होत नाही. माझ्याकडून ते नुसतं गेलं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मी रात्र-रात्र जागले, त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. ते मी दिलं होतं. चार्जर शोधण्यात गेलेली अकरा मिनिटं मी दिली नव्हती. या दोन्हींना ‘सेवा’ म्हणून एकाच टोपलीत टाकणं म्हणजे खऱ्या सेवेचा अपमान आहे.

दुसऱ्या काही जणी सांगतील, “पहाटे चारला उठा. घर झोपलेलं असतं.” हा सल्ला व्हॉट्सॲपवर रोज येतो, सूर्योदयाच्या फोटोसकट. जिला जमतं तिने जरूर उठावं, ब्राह्ममुहूर्ताला तोड नाही. पण या सल्ल्यात काय गृहीत धरलं आहे ते बघा. बाईचे जागेपणीचे सगळे तास घराचे, तिला स्वतःला काही हवं असेल तर ते तिने झोपेतून कापावं. म्हणजे घराने काही द्यायचं नाही, काही बदलायचं नाही, दाराची कडीसुद्धा उठून उघडायची नाही. आणि रात्री अकराला ओटा पुसून झोपलेली बाई चारला उठली तर सामायिकात तिला समभाव येईल की डुलकी येईल? अनादराने, कशीबशी केलेली सामायिक हा अतिचार आहे. मग बाईला अतिचाराचीच सोय करून द्यायची का?

तिसरा सल्ला शहरी आहे. ‘मी टाइम’ काढा. पार्लरला जा, मैत्रिणींबरोबर कॉफी प्या. जा, जरूर जा. पण त्या दिवशीसुद्धा निघण्याआधी भाजी करून, कणीक मळून, सासूबाईंच्या गोळ्या काढून, तीनदा फोन घ्यायची तयारी ठेवूनच निघता ना? तो मोकळा वेळ नव्हे, ती उधारी. परत आल्यावर व्याजासकट फेडावी लागते.

सुटी ही कोणी प्रेमाने आणून देत नाही, हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलं आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही उभं राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, ते या लोकांमुळे.

उशिरा उठतो म्हणजे घरातले बाकीचे उठतात. आपल्याला रविवारी नाश्त्याला काहीतरी वेगळं करायचं असतं. त्या दोन बायका सभेत बोलून घरी गेल्या असतील, तेव्हा चूल कोणी पेटवली असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. गिरणीतला रविवार त्यांनी मिळवला. घरातल्या रविवारची सभा अजून भरलेली नाही.

आमच्या घरातली सभा मीच भरवली. वही पुढे ठेवली आणि हाकांचा रकाना वाचून दाखवला. मुलगा हसला, मग गप्प झाला. हे म्हणाले, “तू सांगायचं ना आधी.” मी म्हटलं, “तुमच्या केंद्रात एखादा संच देखभालीला बंद ठेवतात, तेव्हा तो संच येऊन सांगतो का? भार दुसऱ्या संचांवर कसा घ्यायचा ते आधीच ठरवतात ना?” ह्यांना ते एकदम कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या भाषेत बोलले होते बहुधा.

मग आम्ही कागदावर लिहिलं. संध्याकाळचं जेवण आटोपल्यावर ४८ मिनिटं माझी. दार बंद. त्या वेळात घंटा वाजली तर मुलगा बघेल. सासूबाईंचे थेंब आणि गोळी हे देतील, त्यांची दुसरी पाळी असेल तेव्हा मुलगा. फोन मुलीकडे, पण फक्त उचलायचा आणि ‘आई सामायिकात आहे’ एवढंच सांगायचं. ‘मदत करू’ असं लिहायचं नाही हे मी ठरवलंच होतं. मदत म्हटली की काम माझंच राहतं. प्रत्येकापुढे नाव लिहिलं.

पहिल्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेलं. एकदा सासूबाईंना उजव्या डोळ्याचे थेंब डाव्यात गेले. मी आत बसून सगळं ऐकत होते आणि उठले नाही. मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या आठवड्यात सगळ्यात मोठा परिषह तोच होता. बाहेरची हाक थांबली तरी आतली थांबत नाही. ‘त्याला सापडेल का, तिला जमेल का, मी गेले असते तर दोन मिनिटांत झालं असतं.’ तेव्हा लक्षात आलं, घराने मला बांधलं होतं हे खरं, पण दोरीचं दुसरं टोक मीच घट्ट धरून बसले होते. आपल्यावाचून घराचं अडतं, याचंही एक सुख असतं. तोही परिग्रहच. तो सोडायला मला चार्जरवाल्या मुलापेक्षा जास्त वेळ लागला.

आता माझ्या चोरीबद्दल. दुसऱ्यांचा हिशेब मांडल्यावर आपला लपवता येत नाही.

एके दिवशी घंटा वाजली, मुलगा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेला, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले ते मुलीच्या नावाने. ती आत बारावीचा अभ्यास करत होती. ती उठली, दार उघडलं, परत जाऊन बसली. काही बोलली नाही. वहीत मी हे लिहिलं आणि हात थांबला. मी तिला काय शिकवत होते? मुलाचा रिकामा वेळ त्याचा, आणि तुझा अभ्यासाचा वेळही घराचा. हे तिला तिच्या सासरने शिकवण्याआधी मीच शिकवून ठेवत होते. त्या दिवसापासून घंटेचं काम मुलाच्या नावावर आहे, सामायिक असो वा नसो.

आणि आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई. त्यांना मी कधीही फोन करायची. “आज पाहुणे आहेत, लवकर या.” “आज उशिरा या, अजून जेवणं व्हायची आहेत.” त्या चार घरांची कामं करतात. माझ्या एका फोनने त्यांची बाकी तीन घरं आणि त्यांच्या मुलांचं जेवण पुढे-मागे होत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रविवारी तर त्या यायलाच हव्यात, कारण रविवारी भांडी जास्त. लोखंड्यांचं नाव घेऊन मी वर जे शहाणपण सांगितलं, ते माझ्याच मोरीपाशी येऊन थांबलं होतं. आता त्यांची वेळ ठरलेली आहे, ती मी बदलत नाही, आणि रविवारी त्यांना पगारी सुटी. रविवारची भांडी घरातले चौघे मिळून घासतो. माझी ४८ मिनिटं जर दुसऱ्या बाईच्या दिवसातून कापून आली असती, तर ती सामायिक कसली?

म्हणून मला मोकळा वेळ म्हणजे काय, हे विचाराल तर मी तासांचा आकडा सांगणार नाही. ज्या वेळात मला उठवायचं तर विचारावं लागतं आणि मी ‘नंतर’ म्हणू शकते, तो माझा वेळ. तो ४८ मिनिटांचा असला तरी पुरतो. बाकीचे एकोणतीस मुहूर्त मी आनंदाने घराला देते, आणि आता ‘देते’ हा शब्द खरा आहे.

माझ्या आईने सामायिकाचा नियम घेतला होता. “मुलं मोठी झाली की रोज बसेन,” म्हणायची. मग मुलं मोठी झाली, नातवंडं आली, मग बाबांचं आजारपण आलं. ती गेल्यावर तिच्या कपाटात सामायिकाची चटई मिळाली. घडी घातलेली, कडाही झिजल्या नव्हत्या. आईचा भाव कमी होता असं मला कोणी सांगू नये. तिच्या भावाला बसायला जागा मिळाली नाही. त्या चटईवर आता मी बसते.

इतवारीतल्या त्या ताईंना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी गृहिणींना भाव वाढवायला सांगण्याआधी सभागृहाबाहेर स्कूटरवर वाट बघत बसलेल्या त्यांच्या नवऱ्यांना आत बोलवा. त्यांना सांगा, की घरातल्या श्राविकेची ४८ मिनिटं सांभाळणं हाही श्रावकाचा धर्म आहे.

आणि तुम्हाला, मैत्रिणींनो, एक काम देते. सात दिवस वही लिहा. हाकांचा रकाना विसरू नका. मग ती वही घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहून घ्या. दूध उतू जाईल. जाऊ द्या.

जय जिनेंद्र.